बर्फाच्या पेटीत सिगार: घरच्या घरी ह्युमिडॉर

मुलगी झाली तेव्हा मी ऑफिसात बर्फी वाटली. महिन्याभराने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मुलगा झाला आणि त्याने माझ्या हातात वीस सिगारचं एक लाकडी खोकं ठेवलं. आपल्याकडे पेढे, इकडे सिगार. अमेरिकेतली ही जुनी रीत. मी वर्षातून चार-पाच वेळा ओढणारा माणूस. महागाची वस्तू फ्रिजमध्ये ठेवायची आपली सवय, म्हणून खोकं फ्रिजमध्ये गेलं. नाताळात उघडलं तर सिगारचं वरचं पान कुरडईसारखं तडकलेलं आणि आत फोडणीचा वास. वीसातले सतरा तिथेच फेकले.

मग हौसेने एक चकचकीत लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे आतली ओल टिकवून सिगार ठेवायची पेटी, आणला. त्याचं झाकण नीट बसत नव्हतं. शिकागोच्या हिवाळ्यात दर चौथ्या दिवशी त्याला पाणी पाजावं लागे आणि तरी त्याच्यावरच्या आर्द्रता-मीटरचा काटा पन्नास टक्क्यांच्या वर सरकत नसे. शेवटी ओळखीतल्या एका जुन्या शौकिनाने सांगितलं, की लाकडाचा नाद सोड, सहलीचा कूलर घे. सहा हिवाळे झाले, तोच चालू आहे.

कूलर म्हणजे वाळ्याचे पडदे आणि पंखा असलेला नव्हे. इथे सहलीला बर्फ नि थंड पेयं न्यायला जाड भिंतीची प्लॅस्टिकची पेटी असते, ती. आपल्याकडे तिला आइसबॉक्स म्हणतात. त्यात सिगार ठेवणारे 'कूलर' आणि 'ह्युमिडॉर' जोडून तिला 'कूलिडॉर' म्हणतात. हे सगळं पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी पुढे सविस्तर लिहितो.

आणि एक सांगून टाकतो: सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग त्यानेही होतो. न ओढणाऱ्याने हे वाचून सुरुवात करावी असं यात काही नाही.

आधी हे समजून घ्या: पाणी हवेत नसतं

सिगार म्हणजे आत भरलेली पानं, त्यांना बांधणारं एक पान आणि वरून गुंडाळलेलं सगळ्यात नाजूक, सगळ्यात महाग पान. तंबाखू पापडासारखा असतो. आजूबाजूची हवा जशी, तसा तो होतो. हवेची आर्द्रता साठच्या बरीच खाली गेली की पान तडकतं, सिगार भराभर आणि कडक जळतो. सत्तरच्या वर बरीच गेली की तो फुगतो, ओढताना जीव जातो, मध्येच विझतो आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. आपल्याला हवी ६५ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान. जुनी मंडळी '७० आणि ७०' सांगतात, म्हणजे ७० टक्के आणि ७० अंश फॅरनहाइट (२१ सेल्सिअस). हवाबंद प्लॅस्टिकच्या पेटीत मला ७० टक्के जास्त वाटतात.

आता गणित. ४८ क्वार्टचा कूलर म्हणजे साधारण ४५ लिटर. २१ अंशांना, ६५ टक्क्यांना एवढ्या हवेत पाण्याची वाफ असते जेमतेम अर्धा ग्रॅम. काही थेंब! पण घरातल्या कोरड्या हवेत पडून असलेलं दोन किलो लाकूड तुम्ही त्यात ठेवलंत, तर ६५ टक्क्यांशी जुळवून घेताना ते सव्वाशे-दीडशे ग्रॅम पाणी पिऊन टाकतं. नवखा माणूस मीटरकडे बघतो, आकडा कमी दिसला की पाणी वाढवतो. लाकूड पीत राहतं, आकडा हलत नाही, तो आणखी वाढवतो. पंधरा दिवसांनी लाकडाचं पोट भरतं आणि पेटीचं न्हाणीघर होतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत. हवेला ओलं करायचं नाही, लाकूड आणि तंबाखू यांना एका पातळीवर आणायचं आणि झाकण बंद ठेवायचं.

काय काय लागेल

- झाकण घट्ट बसणारा कूलर, ४० ते ५० लिटरचा
- डिजिटल हायग्रोमीटर (हवेची आर्द्रता मोजणारा मीटर), शक्यतो दोन
- ६५ टक्क्यांची आर्द्रता-पाकिटं (६० ग्रॅमची), किंवा वास नसलेली सिलिकाची मांजर-वाळू
- स्पॅनिश सिडरची रिकामी सिगार-खोकी किंवा फळ्या
- डिस्टिल्ड पाणी, एक गॅलनचा कॅन वर्षभर पुरतो
- खायचा सोडा, जुनी वर्तमानपत्रं
- मीठ, बाटलीचं बूच, झिपची पिशवी
- टॉर्च आणि कागदाचा कपटा

१. पेटी निवडा

इग्लू, कोलमन यांचे साधे कूलर कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात. महागड्या, अस्वलालाही उघडता येत नाही म्हणणाऱ्या पेट्यांची गरज नाही. त्या बर्फ आठवडाभर टिकवण्यासाठी असतात, आपल्याला बर्फ टिकवायचा नाही. पांढऱ्या आतल्या भिंतीची घ्या, डाग आणि बुरशी लगेच दिसते.

उन्हाळ्यात लोक घरासमोर जुनं सामान विकायला मांडतात, तिथे दहा डॉलरला कूलर मिळतो. मी तो मोह केला होता. पेटीत कधीकाळी मासे गेले होते. तीन आठवडे झगडलो आणि शेवटी ती पेटी मासे न्यायलाच ठेवली. नवीनच घ्या.

चाकं असतील तर बघून घ्या. चाकांसाठी आत उंचवटा येतो आणि खोकी नीट बसत नाहीत. दुकानात जाताना एक रिकामं सिगारचं खोकं बरोबर न्या आणि आत ठेवून बघा. लोक बघतील, बघू द्या.

२. वास घालवा

इथे घाई केली तर पुढचं सगळं व्यर्थ. तंबाखू वास धरतो, तेही कायमचा. नव्या प्लॅस्टिकचा वास, साबणाचा वास, लोणच्याचा वास, त्याला सगळे सारखेच.

कोमट पाण्यात दोन-तीन चमचे खायचा सोडा घालून आतून, झाकणाच्या खाचांसकट पुसा. भांड्यांचा साबण वापरलात तर बिनवासाचा आणि अगदी थोडा. फिनेल, ब्लीच, लिंबाच्या वासाची फवारणी, काही नको. नंतर साध्या पाण्याने तीनदा धुवा आणि झाकण उघडं टाकून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. आपल्या आया बरण्या लोणच्याआधी उन्हात वाळवत, तसंच. मग वर्तमानपत्राचे बोळे भरून झाकण लावा, दोन दिवसांनी बदला, पुन्हा भरा.

परीक्षा अशी: झाकण चोवीस तास बंद ठेवा, उघडून लगेच नाक आत घाला. तुम्हाला काही आलं नाही तर घरातल्या दुसऱ्या कोणालातरी हुंगायला सांगा, कारण तुमचं नाक एव्हाना सरावलेलं असतं. माझ्याकडे हे काम बायकोकडे आहे आणि ती अजिबात भीड ठेवत नाही. तिने मान हलवली तरच पुढची पायरी.

३. फटी शोधा

कूलरला तळाशी पाणी सोडायचं भोक असतं. त्याचं बूच घट्ट पिळा. तरी शंका असेल तर बाहेरून चिकटपट्टी लावा. आतून काहीही चिकटवू नका, डिंकाचा वास आत राहतो.

झाकणासाठी दोन सोप्या युक्त्या. कागदाचा कपटा अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवून झाकण लावा आणि ओढा. सहज सरकला तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी करून बघा. किंवा रात्री अंधारात पेटलेला टॉर्च आत ठेवून झाकण लावा आणि उजेडाची रेघ कुठे दिसते ते पाहा. स्वस्त कूलरला रबराची कड नसते. किंचित गळती चालते. जिथे कागद मोकळा सरकतो तिथे बारीक फोमची पट्टी लावा, पण तीही आधी आठवडाभर बाहेर हवेला ठेवून. ताज्या फोमला रसायनाचा वास असतो.

४. हायग्रोमीटरची मीठ-परीक्षा

लाकडी ह्युमिडॉरच्या झाकणावर पितळेचं गोल घड्याळ असतं ना, ते शोभेचं समजा. काट्याच्या त्या मीटरवर माझा अजिबात विश्वास नाही. दहा-पंधरा डॉलरचा डिजिटल मीटर घ्या. ब्लूटूथवर फोनशी बोलणारा मिळाला तर उत्तम, कारण मग झाकण उघडावं लागत नाही. मात्र डिजिटलही दोन-चार टक्के खोटं बोलतो, आणि तो किती खोटं बोलतो हे कळायला घरचं मीठ पुरतं.

कोकणात किंवा मुंबईत वाढला असाल तर पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटलेलं पाहिलं असेल. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. याची उलट बाजूही खरी आहे: बंद जागेत ओलं मीठ ठेवलं की ते तिथली हवा ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं. कमी नाही, जास्त नाही.

बाटलीच्या बुचात साधं मीठ भरा. त्यावर थेंब थेंब डिस्टिल्ड पाणी टाका. ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, वर पाणी तरंगता कामा नये. बूच आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत ठेवा, थोडी हवा राहू द्या, पिशवी बंद करून एक दिवस हलवू नका. चोवीस तासांनी मीटर ७५ दाखवत असेल तर तो सच्चा. ७१ दाखवत असेल तर तो चार कमी सांगतो. त्याच्या पाठीवर '+४' असं लिहून चिकटवा. वर्षातून एकदा हे पुन्हा करा. माझ्या एका मीटरची चूक दोन वर्षांत दोनवरून सहावर गेली होती, आणि मी त्याच्या भरवशावर पाणी घालत होतो.

५. लाकूड: नावावर जाऊ नका

दुकानदार 'सिडर' म्हणेल. तीन वेगळी लाकडं या एका नावाने फिरतात आणि त्यातलं एकच आपलं आहे.

आपल्याला हवं ते स्पॅनिश सिडर, शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा. ते स्पेनचं नाही आणि खरं सिडरही नाही. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, महोगनीच्या कुळातलं झाड. आपला कडुनिंब याच कुळातला, आणि आपल्याकडचा तूण तर त्याचा जवळचा भाऊ. या लाकडाला सौम्य, गोडसर वास असतो, ते ओल धरतं-सोडतं आणि सहसा वाकत नाही.

नको ते पहिलं: कपाटात कसर लागू नये म्हणून ठेवतात ते लालसर, उग्र वासाचं लाकूड. इथे त्याच्या गोळ्या आणि फळ्या सर्रास मिळतात. ती जुनिपरची जात आहे. त्यात सिगार ठेवलेत तर सगळे कपड्यांच्या कपाटासारखे लागतील. नको ते दुसरं: देवदार. तो खरा सिडर, पण त्याचं सुगंधी तेल आणि राळ तंबाखूत उतरते. आजीच्या संदुकीला शोभतो, इथे नको.

फळ्या विकत घ्यायच्या आधी सिगारच्या दुकानात रिकामी खोकी मागा. बरीच खोकी याच लाकडाची असतात आणि दोन-तीन डॉलरला, कधी फुकटही मिळतात. बाहेरून रंगीत कागद चिकटवलेली आणि आतून पुठ्ठ्याची असतात ती टाळा. आत बिनरंगी, बिनपॉलिशचं लाकूड हवं. चार-पाच खोकी पुरेत. जास्त लाकूड म्हणजे जास्त राजेशाही असं नाही, जास्त लाकूड म्हणजे जास्त पाणी पिणारं तोंड.

६. लाकडाला आधी पाणी पाजा

सिगार अजून आणायचे नाहीत. रिकामी खोकी झाकणं उघडी ठेवून पेटीत रचा. मध्ये एका वाटीत डिस्टिल्ड पाणी ठेवा, वाटी कलंडणार नाही अशी. बाजारात यासाठी ८४ टक्क्यांची पाकिटंही मिळतात, ती जास्त सुरक्षित. झाकण लावा.

दोन दिवसांनी मीटर ७५-८० दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. होऊ नका. ती हवेतली वाफ आहे, लाकूड अजून तहानलेलंच आहे. वाटी काढा, झाकण लावा, दुसऱ्या दिवशी बघा. आकडा पन्नाशीत घसरला असेल तर वाटी परत ठेवा. वाटी काढल्यावर दोन दिवस आकडा ६५ च्या आसपास टिकला की लाकूड तयार. मला हिवाळ्यात सोळा दिवस लागले; दमट उन्हाळ्यात कमी लागतील.

ओल्या फडक्याने लाकूड पुसायचा जलद मार्ग बरेच जण सांगतात. त्याने वरचा थर चिंब होतो, आतलं कोरडं राहतं आणि पातळ फळी वाकते. आणि पाणी डिस्टिल्डच घ्या. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा थर बसतो, क्लोरिनचा वास वेगळाच.

७. ओलावा धरणारं साधन

दोन मार्ग आहेत. आळशी माणसासाठी बोव्हेडासारखी पाकिटं. आत क्षारांचं दाट द्रावण असतं आणि वरचा पापुद्रा फक्त वाफ आत-बाहेर जाऊ देतो. मिठाच्या परीक्षेतलंच तत्त्व: साधं मीठ ७५ वर थांबतं, क्षार बदलला की आकडा बदलतो. हवा कोरडी झाली तर पाकीट पाणी देतं, जास्त ओली झाली तर पितं. ६२, ६५, ६९, ७२ असे प्रकार मिळतात. प्लॅस्टिकच्या पेटीला ६५ घ्या. ६९ आणि ७२ लाकडी ह्युमिडॉरसाठी बरे, कारण तिथे गळती असते. हिशोब दर पंचवीस सिगारला ६० ग्रॅमचं एक पाकीट. हाताला कडक, खडबडीत लागलं की बदलायचं. लाकूड नीट पाजलेलं असेल तर ती महिनोन्‌महिने चालतात. न पाजता टाकलीत तर आठवड्यात दगड होतात आणि मग लोक कंपनीला नावं ठेवतात.

काटकसरी माणसासाठी मांजर-वाळू. हसू नका. मांजरांच्या शी-शूसाठी विकतात त्यातली जी शुद्ध सिलिकाच्या खड्यांची, बिनवासाची असते, ती मातीची नव्हे, ओल धरायला फार चांगली. अर्धा किलो पुरे. धूळ चाळून घ्या, बायकांच्या जुन्या पातळ मोज्यात किंवा जाळीच्या डब्यात भरा, आणि डिस्टिल्ड पाण्याचा फवारा असा मारा की निम्मे-अधिक खडे पारदर्शक होतील, बाकीचे पांढरेच राहतील. पांढरे खडे ओल पितात, पारदर्शक देतात. सगळे पारदर्शक केलेत तर पिणारं कोणी उरत नाही.

स्पंज नको. फुलवाल्यांचा हिरवा फोमही नको. ते फक्त देतात, परत घेत नाहीत.

८. सिगार रचा

खोकी भिंतीला चिकटवू नका, बोटभर जागा सोडा. तळाशी दोन लाकडी पट्ट्या टाकून त्यावर रचा, म्हणजे हवा खालूनही फिरेल. झाकणं किंचित उघडी. एक हायग्रोमीटर तळाशी, एक वर. दोघांत चार-पाच टक्क्यांहून जास्त फरक राहिला तर पाकिटं वर-खाली वाटून ठेवा. संगणकातला छोटा पंखा बसवायचं खूळ काही जणांना असतं. या आकाराच्या पेटीला मला त्याची गरज पडली नाही.

सेलोफेनची पिशवी काढायची की ठेवायची यावर लोक भांडतात. सेलोफेनमधून वाफ जाते, त्यामुळे दोन्ही चालतं. मी ठेवतो, हाताळताना पान फाटत नाही. मात्र व्हॅनिला, कॉफी, रम असल्या वासांचे सिगार या पेटीत अजिबात घालू नका. एक व्हॅनिलावाला शंभर जणांना बाटवतो.

पोस्टाने आलेले सिगार बहुधा जरा जास्तच ओले असतात. आल्या दिवशी ओढू नका, तीन-चार आठवडे पेटीत विसावू द्या. जानेवारीत टपालपेटीत गोठून आले असतील तर पार्सल न उघडता घरात दिवसभर ठेवा, मग उघडा. थंड पानावर घरची हवा लागली की दव धरतं.

९. पेटी कुठे ठेवायची

गॅरेज नाही, पोटमाळा नाही, हीटरची गरम हवा सोडणाऱ्या जाळीजवळ नाही, खिडकीच्या उन्हात नाही. तळघर असेल तर छान, पण थेट सिमेंटच्या जमिनीवर नको. २१ अंशांच्या, ६५ टक्क्यांच्या हवेतली वाफ साधारण १४ अंशांच्या पृष्ठभागावर दव बनते, आणि हिवाळ्यात तळघराची फरशी तितकी थंड होऊ शकते. खाली फळी घाला.

बाहेर उणे दहा अंश असताना ती हवा घरात येऊन तापली की तिची आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास उरते. ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो, तो याचाच प्रताप. म्हणून झाकण उघडाल तेव्हा हवं ते घेऊन लगेच बंद करा.

घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर पेटी उंचावर आणि कुलपात. गिळलेला तंबाखू दोघांनाही विषारी असतो, आणि घट्ट झाकणाच्या मोठ्या पेटीत मूल लपून बसू शकतं.

१०. पहिला महिना हात बांधून बसा

सिगार भरल्यावर आकडा खाली-वर होईल. होऊ द्या. पहिला आठवडा काहीही बदलू नका, आकडा फक्त लिहून ठेवा. ५८ दिसले म्हणून पाकीट वाढवणं आणि ७० दिसले म्हणून झाकण उघडं टाकणं, हे दोन्ही मी केलं आहे आणि दोन्ही वेळा स्वतःच निर्माण केलेली अडचण निस्तरली आहे. दहा-बारा दिवसांनी रेघ सपाट होते. तेव्हाही ६२ ते ६८ मध्ये असेल तर बोट लावायचं नाही.

भुंगा आणि बुरशी

सिगारवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं आणि खाली बारीक भुकटी दिसली, तर तो तंबाखूचा भुंगा. दोन-तीन मिलिमीटरचा, तांबूस. सांगलीकडच्या वाचकांना याची वेगळी ओळख नको. हळदीच्या आणि मिरचीच्या साठ्यात पडतो तो हाच. अंडी पानातच आलेली असतात आणि उष्णता वाढली, साधारण २४ अंशांच्या वर गेली, की फुटतात.

उपाय म्हणजे थंडी. सगळे सिगार, फक्त भोक पडलेले नव्हेत, झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा. एक दिवस फ्रिजमध्ये, मग उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान तीन दिवस (मी आठवडा ठेवतो), परत एक दिवस फ्रिजमध्ये, मग पिशवी न उघडता बाहेर. एका उडीत गोठवले-वितळवले तर पान चिरतं. पेटी रिकामी करून पुसून घ्या.

बुरशी लोकरीसारखी, पांढरी किंवा हिरवट-निळी. 'हा तर जुन्या सिगारवर येणारा मोहोर' असं सांगून विकणारे भेटतात. फुगीर, केसाळ ठिपका दिसला तर मी तरी त्याला बुरशीच म्हणतो. पेटवायच्या टोकाशी किंवा आतपर्यंत गेली असेल तर सिगार टाकून द्या आणि ते खोकंही.

मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी

आइसबॉक्स तोच, कृती तीच, पण अडचण उलटी. जून ते सप्टेंबर बाहेरचीच हवा ८० च्या वर असते, त्यामुळे लाकूड पाजायची पायरी बहुधा लागणारच नाही. उलट लाकूड आधी एसीच्या खोलीत दोन दिवस ठेवून कोरडं करावं लागेल. पाकिटं इथे पाणी द्यायचं नाही, प्यायचं काम करतील आणि फुगतील. त्या दिवसांत सिलिकाचे कोरडे खडे हाताशी ठेवा.

खरा शत्रू मात्र ३० अंशांची उष्णता, म्हणजे भुंगा. नवा माल पेटीत घालण्याआधी सरसकट फ्रीझरमधून काढा आणि पेटी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, पलंगाखाली ठेवा. थंडाव्यासाठी आत बर्फाची पाकिटं टाकायची कल्पना सुचेल, पेटी बर्फाचीच आहे म्हटल्यावर सुचणारच. टाकू नका. त्यांच्यावर दव जमून तळाशी पाणी साचतं. डिस्टिल्ड पाण्याऐवजी गॅरेजमधलं बॅटरीचं पाणीही नको. औषधाच्या दुकानात मिळतं ते घ्या. आणि थर्मोकोलचा मासळीचा डबा स्वस्त पडतो खरा, पण त्याचं झाकण कधीच धड बसत नाही.

सुकलेले सिगार परत आणायचे असतील तर

एकदम ६५ टक्क्यांत टाकू नका. आतली पानं आधी फुगतात आणि वरचं कोरडं पान फाटतं. सिगार झाकण बंद असलेल्या खोक्यात, सेलोफेनसकट, पाकिटांपासून सगळ्यात लांब ठेवा. दोन आठवड्यांनी खोक्याचं झाकण बोटभर उघडा, आणखी दोन आठवड्यांनी पूर्ण. दर आठवड्याला सिगार पाव वेढा फिरवा. पानातली उडून गेलेली तेलं परत येत नाहीत, त्यामुळे चव थोडी पोकळ लागणारच.

फ्रिजमधल्या त्या पहिल्या खोक्यातले तीन मी असे सहा आठवडे फिरवले. दोन ओढण्याजोगे झाले, फोडणीचा वास विचारू नका. तिसऱ्याचं पान खालून तडकलं होतं. तो अजून पेटीच्या कोपऱ्यात आहे. मीटरवर शंका आली की त्याला अंगठ्याने हलकेच दाबतो: कुरकुरला तर कोरडं, दबून राहिला तर ओलं, दबून सावकाश वर आला तर ठीक.